बिनबियांचं कलिंगड येतं कुठून? गुणसूत्रे दुप्पट करण्याची पद्धत, शेतकऱ्याचा फायदा आणि घरगुती प्रयोगातला धोका

उन्हाळी कलिंगडाची तयारी सुरू झाली की कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘बिनबियांचं बियाणं आहे का?’ प्रश्न ऐकायला गमतीशीर आहे. ज्या फळात बीच नाही, त्याचं बियाणं येतं कुठून? आणि एवढं महाग का? त्यातच मोबाईलवर ‘घरच्या घरी औषध टाकून मोठी पानं, मोठी फुलं, बिनबियांची फळं तयार करा’ असे व्हिडिओ फिरत असतात. काही तरुण शेतकरी त्या औषधाची चौकशीही करतात. ते औषध म्हणजे कोल्चिसिन, आणि ते जहाल विष आहे.

म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ. गुणसूत्रे दुप्पट होणे म्हणजे काय, बिनबियांचे कलिंगड कसे तयार होते, ते लावताना काय काळजी घ्यावी, बियाणे उगवले नाही तर दाद कुठे मागावी, आणि हा प्रयोग घरी का करू नये, हे सगळे एका ठिकाणी देत आहोत.

गुणसूत्र म्हणजे काय?

झाडाच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहिती साठवलेली असते. पान कसे असावे, फळ गोड की फिके, साल जाड की पातळ, हे सगळे त्यात लिहिलेले असते. ही माहिती ज्या धाग्यांवर असते त्यांना गुणसूत्रे म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर गुणसूत्रे म्हणजे झाडाच्या वह्या. बहुतेक झाडांकडे या वह्यांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून आलेला. अशा झाडाला द्विगुणित म्हणतात.

साध्या कलिंगडात ११ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एकूण २२ गुणसूत्रे असतात. संच चार झाले तर ४४ होतात आणि झाड चतुर्गुणित होते. संच तीन असतील तर ३३ होतात आणि झाड त्रिगुणित होते. दोनपेक्षा जास्त संच असलेल्या झाडांना मिळून बहुगुणित असे नाव आहे.

आपल्या शेतात बहुगुणित पिके आधीपासूनच आहेत

हे काही प्रयोगशाळेतलं नवं खूळ नाही. निसर्गाने हजारो वर्षांपूर्वीच अशी झाडे घडवली आणि माणसाने ती उचलून शेतात आणली. आपल्याच भागातली उदाहरणे पाहा.

केळी: जळगाव जिल्ह्यात रावेर-यावल पट्ट्यात लागणारी ग्रँड नैन त्रिगुणित आहे. योगायोगाने तिच्यातही ३३ गुणसूत्रे आहेत. म्हणूनच तिला बी धरत नाही आणि लागवड कंदाने किंवा ऊतीसंवर्धित रोपाने करावी लागते. रानकेळीत मात्र दाताखाली खडा यावा तशा टणक बिया असतात.

हळद: आपली नेहमीची हळदही त्रिगुणित मानली जाते. तिची ६३ गुणसूत्रे आहेत. बी धरत नसल्याने सांगली असो की वसमत, सगळीकडे बेण्यावरच लागवड होते.

कापूस: देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात, तर आज बहुतेक शेतात असलेल्या अमेरिकन कापसात ५२. हा चतुर्गुणित आहे.

गहू: खपली आणि बन्सी गव्हात २८, तर चपातीच्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात. म्हणजे खपली चतुर्गुणित आणि चपातीचा गहू षट्गुणित.

याशिवाय भुईमूग आणि बटाटा चतुर्गुणित आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर आठ संच आहेत. उसाचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे, त्यात गुणसूत्रांची संख्या शंभराच्या पुढे जाते.

द्राक्षाचं काय? तीही बिनबियांची आहेत की

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. नाशिक, तासगावकडची थॉमसन सीडलेस द्राक्षे त्रिगुणित नाहीत. ती साधी द्विगुणितच आहेत. त्यांच्यात परागीभवन होते, फलनही होते, पण बी वाढायला लागले की त्यातला गर्भ मध्येच सुकतो. उरलेले बी इतके लहान आणि मऊ असते की खाताना जाणवत नाही. त्यामुळे ‘बिनबियांचं’ हा एकच शब्द असला तरी त्यामागची कारणे वेगवेगळी असू शकतात. द्राक्षात गर्भ सुकतो, कलिंगडात मात्र गुणसूत्रांचे गणितच जुळत नाही.

धोत्र्यापासून कलिंगडापर्यंत

गुणसूत्रे हवी तेव्हा दुप्पट करता येतात, हे १९३७ मध्ये जगापुढे आले. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आल्बर्ट ब्लेकस्ली आणि अमोस एव्हरी यांनी कोल्चिसिन वापरून गुणसूत्रे दुप्पट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ब्लेकस्ली यांचे आयुष्यभराचे काम ज्या झाडावर चालले ते झाड म्हणजे आपल्या बांधावरचा धोत्रा.

पुढे जपानचे आनुवंशिकी शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी हीच पद्धत कलिंगडावर वापरली. गव्हाच्या गुणसूत्रांवरच्या त्यांच्या संशोधनाचाही जगभर आदर आहे. त्रिगुणित कलिंगडाबद्दलचा त्यांचा महत्त्वाचा लेख १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगात विकल्या जाणाऱ्या बिनबियांच्या कलिंगडामागे तीच कल्पना आहे.

भारतातही हे काम झाले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा बेदाणा’, बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का मधुरा’, तर केरळ कृषी विद्यापीठाने लाल गराचे ‘शोनिमा’ आणि पिवळ्या गराचे ‘स्वर्णा’ हे त्रिगुणित वाण दिले आहेत.

कोल्चिसिन नेमकं करतं काय?

झाड वाढते म्हणजे त्याच्या पेशी दुभंगत जातात. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिच्यातली गुणसूत्रे दुप्पट होतात. मग पेशीत बारीक दोऱ्यांसारखे तंतू तयार होतात. हे तंतू निम्मी गुणसूत्रे एका टोकाला आणि निम्मी दुसऱ्या टोकाला ओढून नेतात. त्यानंतर मध्ये भिंत पडते आणि दोन पेशी तयार होतात.

कोल्चिसिन हे ओढणारे दोरेच तयार होऊ देत नाही. गुणसूत्रे तर दुप्पट झालेली असतात, पण त्यांची वाटणी होत नाही. वाटणी अडलेल्या घरासारखं सगळं एकाच खोलीत राहतं. २२ ची ४४ झालेली ती पेशी पुढे वाढू लागली की तिच्यापासून येणारा फुटवा चतुर्गुणित निघतो.

आपल्या ओळखीचे एक तणनाशकही याच जागी घाव घालते. कांदा, सोयाबीनमध्ये उगवणीपूर्वी मारतात ते पेंडिमेथॅलिन तणाच्या कोवळ्या मुळांतले हेच तंतू बिघडवते. म्हणून तणाची मुळे सुजून आखूड राहतात. त्याच कुळातले ओरायझॅलिन हे रसायन आता प्रयोगशाळांत कोल्चिसिनऐवजी गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरले जाते.

चार आणि दोन मिळून तीन

बिनबियांच्या कलिंगडाचं बियाणं दोन टप्प्यांत तयार होतं.

पहिल्या टप्प्यात चतुर्गुणित आई तयार करतात. साध्या कलिंगडाच्या कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर प्रयोगशाळेत रसायनाची प्रक्रिया होते. बरीच रोपे मरतात. जगलेल्यांतलीही बहुतेक साधीच राहतात किंवा अर्धवट बदलतात. एकाच वेलाची एक फांदी बदललेली आणि दुसरी साधी, असेही होते. कधी पानाची वरची साल बदलते, पण ज्या थरातून बी तयार होते तो जुनाच राहतो. त्यामुळे पुढच्या पिढीचे बी लावून पुन्हा तपासणी करावी लागते. चतुर्गुणित वेलाला बी कमी धरते आणि त्याची वाढही सावकाश असते. चांगली, स्थिर चतुर्गुणित आई हाती यायला अनेक पिढ्यांची निवड लागते.

दुसऱ्या टप्प्यात संकर होतो. चतुर्गुणित वेलाच्या मादी फुलावर साध्या द्विगुणित वेलाचा पराग घालतात. आईकडून २२ आणि बापाकडून ११ अशी ३३ गुणसूत्रे बियाण्यात येतात. हा संकर उलटा करून चालत नाही. साध्या आईवर चतुर्गुणित बापाचा पराग घातला तर बिया बहुधा पोकळ निघतात.

म्हणजे विकत घेतलेल्या पाकिटातलं बी खरंखुरं असतं. बी धरत नाही ते त्यातून उगवलेल्या वेलाच्या फळात.

असं का होतं? बी धरण्यासाठी वेलाला पराग आणि बीजांड तयार करताना गुणसूत्रांची समान वाटणी करावी लागते. २२ ची वाटणी ११-११ अशी सरळ होते. ३३ मध्ये प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. तिघांची दोघांत वाटणी करायची, तर एकाला दोन आणि दुसऱ्याला एक येणार. अकराही गुणसूत्रांत दोन-दोन एकाच बाजूला आणि एक-एक दुसऱ्या बाजूला गेले, तरच पूर्ण संच जुळतो. असे घडण्याची शक्यता १,०२४ पैकी एक इतकी आहे. उरलेल्या वेळी हिशेब तुटतो आणि बी रुजत नाही. फळात दिसतात त्या फक्त पांढऱ्या, मऊ सालपटासारख्या कच्च्या बिया. एखादी टणक काळी बी सापडली तर लगेच फसवणूक झाली असे समजू नये, असे क्वचित होते.

आता बियाणं महाग का, हेही लक्षात येईल. आई घडवायला वर्षे जातात, तिला बी कमी धरते आणि संकर दर हंगामात नव्याने करावा लागतो. शिवाय या फळातून पुढचं बी मिळत नसल्याने शेतकऱ्याला दरवेळी पाकीट विकतच घ्यावे लागते. हा खर्च हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा.

लागवड करणार असाल तर हे लक्षात ठेवा

त्रिगुणित कलिंगड साध्या संकरित कलिंगडासारखे लावले आणि हातचा हंगाम गेला, असे होऊ शकते. फरक पुढच्या मुद्द्यांत आहे.

१. थेट टोकण टाळा. या बियाण्याचे टरफल जाड आणि आतला गर्भ अशक्त असतो. उगवणीला साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअस उबदारपणा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उघड्या जमिनीत टाकलेले बी कुजण्याची भीती असते. प्रो-ट्रेमध्ये, आडोशाला रोपे तयार करून मगच लावणी करावी.

२. पाणी बेताने द्या. साध्या बियाण्याला चालणारा ओलावा याला जास्त होतो. कोकोपीट हाताने दाबल्यावर पाणी गळता कामा नये. उगवण होईपर्यंत ट्रे चिंब भिजवू नयेत.

३. टरफल अडकलं तर काढा. कोंब वर आल्यावर बऱ्याचदा टरफल पानांना चिकटून राहते आणि पाने उघडत नाहीत. सकाळी ओल असताना हलक्या हाताने ते सोडवावे.

४. नर वाण लावलाच पाहिजे. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. त्रिगुणित वेलाचा पराग निकामी असतो, पण फळ धरायला परागाची चेतना लागतेच. त्यासाठी त्याच शेतात साधे, बियांचे कलिंगड परागदाता म्हणून लावावे लागते. साधारण तीन त्रिगुणित वेलांमागे एक साधा वेल, असे प्रमाण ठेवतात. उदाहरणार्थ, ६ फूट बाय सव्वा फूट अंतराने एकरी सुमारे ५,८०० रोपे बसतात. त्यातली साधारण ४,३५० त्रिगुणित आणि १,४५० परागदात्याची हवीत.

५. परागदाता वेगळ्या सालीचा निवडा. दोन्ही फळे एकसारखी दिसली तर तोडणीला गोंधळ होतो आणि बियांचे फळ बिनबियांच्या गाडीत जाते. व्यापाऱ्याने एकदा असे फळ कापले की पुढच्या मालाचा भाव पडतो. एक पट्टेरी आणि एक गडद हिरवे, अशी जोडी सोयीची.

६. दोघांचा फुलोरा एकाच वेळी यावा. त्रिगुणित बियाणे उगवायला जास्त दिवस घेते. मादी फुले येतील तेव्हा परागदात्याला भरपूर नर फुले असतील, अशा बेताने ट्रे भरावेत. बियाणे घेतानाच याबद्दल विक्रेत्याला विचारावे.

७. मधमाश्यांशिवाय फळ नाही. कलिंगडाचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. तेवढ्या वेळात मधमाशी आली पाहिजे. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर संध्याकाळी मारावे. शक्य असेल तर मधपेट्या ठेवाव्यात. पराग कमी पडला तर फळे गळतात, वेडीवाकडी होतात किंवा आतून पोकळ निघतात.

पहिल्या वर्षी सगळं क्षेत्र या वाणाखाली घालू नये. दहा-पंधरा गुंठ्यांवर अंदाज घ्यावा, व्यापाऱ्याशी आधी बोलावे आणि साध्या कलिंगडापेक्षा भाव किती जास्त मिळतो ते पाहून पुढचे ठरवावे.

बी उगवलं नाही, दाद कुठे मागायची?

महागड्या बियाण्याचे पक्के बिल घ्या. पाकीट, त्यावरचे लेबल आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. पाकिटातले थोडे बी शिल्लक ठेवले तर उत्तमच. उगवणीत तूट दिसली तर रोपे उपटून टाकण्याआधी, ट्रे जसेच्या तसे असतानाच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोहोच घ्यावी. पाहणी करून पंचनामा झाला की पुढच्या लढाईला आधार मिळतो.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘शेतकऱ्याला तिथे दाद मिळत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र थंडी, जास्त पाणी किंवा परागदाता न लावणे ही कारणे आपल्या बाजूने नसावीत, याची खात्री आधी करावी.

घरी प्रयोग का करू नये?

आता त्या व्हिडिओंकडे वळू. कोल्चिसिन पेशीतले दोरे तोडते, ते फक्त झाडातले नव्हे. माणसाच्या पेशीही त्याच पद्धतीने दुभंगतात. गाउट नावाच्या संधिवातावर हे औषध डॉक्टर अगदी मोजक्या मात्रेत देतात, पण औषध आणि विष यांच्यातले अंतर त्यात फार कमी आहे.

विषबाधा झाली तर लगेच कळतही नाही. काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. साध्या अन्नबाधेसारखे वाटते, म्हणून घरचे थांबून राहतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज यांवर घाला येतो. जे वाचतात त्यांचे केस नंतर गळू शकतात. यावर सहज उपलब्ध असा खात्रीचा उतारा नाही. प्रयोगशाळेत हातमोजे, चष्मा आणि धूर ओढून घेणारे कपाट वापरूनच हे काम होते. माजघरात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात, लहान मुलांच्या हाताला येईल अशा बाटलीत हे द्रावण ठेवणे म्हणजे घरात नाग पाळणे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो म्हणजे कळलावी. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात, कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारखी पिवळी-लाल फुले येणारी ही वेल बहुतेकांनी पाहिली असेल. तिला खड्यानाग, अग्निशिखा अशीही नावे आहेत. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असते. तमिळनाडूत औषधी उद्योगासाठी तिची शेती होते. तिचा कंद वाटून घरीच ‘औषध’ बनवण्याचे सल्ले कोणी दिले तर ते अजिबात ऐकू नयेत. कंदात विष किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून तो वापरण्याची जुनी समजूत तर त्याच्या नावातच आहे, आणि ती तितकीच घातक आहे.

चुकून पोटात गेले तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता १०८ वर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. झाडाचा किंवा बाटलीचा नमुना सोबत न्यावा.

आणि इतकं करून हाती काय येतं? बहुतेक वेळा मेलेली रोपे, किंवा सुजलेल्या, खुरटलेल्या पानांचे एखादे झाड. पाने जाड झाली म्हणजे गुणसूत्रे दुप्पट झाली असे नव्हे. विषारी द्रावणाच्या धक्क्यानेही पाने वाकडी आणि जाड होतात. खरी खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. बहुगुणित झाडाची पर्णरंध्रे आणि परागकण मोठे असतात, रंध्राच्या पेशींत हरितकणांची संख्या जास्त असते. शेवटचा पुरावा म्हणजे मुळाच्या टोकातली गुणसूत्रे मोजणे किंवा यंत्राने पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याचे मोजमाप करणे. हे कृषी विद्यापीठात होते, घरी नाही.

गांजाबद्दल दोन स्पष्ट शब्द

असे बरेच व्हिडिओ परदेशातल्या गांजाच्या झाडांवरचे असतात, म्हणून हेही सांगणे भाग आहे. गांजाचे झाड द्विगुणित असून त्यात २० गुणसूत्रे असतात. ज्या देशांत परवान्याने लागवड चालते, तिथे बी धरू नये म्हणून त्याचे त्रिगुणित वाण तयार झाले आहेत. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘फक्त प्रयोग म्हणून दोन झाडं लावली’ ही सबब कायद्यात नाही. तुरीत किंवा कपाशीत लपवलेली झाडे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गुणसूत्रे दुप्पट केली म्हणजे झाड आपोआप जास्त ‘दमदार’ होते, हाही समज चुकीचा आहे. बहुगुणित झाड अनेकदा सावकाश वाढते, उशिरा फुलते आणि बी कमी देते. गुण वाढतील की घटतील, हे प्रत्येक पिकात तपासूनच कळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बिनबियांचं कलिंगड जनुकबदल केलेलं असतं का?
नाही. बीटी कापसात बाहेरच्या जीवाचे जनुक घातलेले असते. इथे बाहेरचे काहीही घातलेले नाही, कलिंगडाचेच संच वाढवलेले आहेत.

फळात कोल्चिसिन उतरतं का?
नाही. रसायनाची प्रक्रिया कित्येक पिढ्या आधी, मूळ आई तयार करताना झालेली असते. तुमच्या शेतातल्या वेलाला किंवा फळाला त्याचा स्पर्शही झालेला नसतो.

फळाला इंजेक्शन देऊन बिया घालवतात, हे खरं का?
नाही. बिया धरणे किंवा न धरणे बियाण्यातच ठरलेले असते. इंजेक्शनने बी नाहीसे होत नाही.

परागदात्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावता येईल का?
परागदाता सरळ वाण असेल आणि जवळ दुसरे कलिंगड नसेल तर लावता येईल. तो संकरित असेल तर पुढच्या पिढीत फळे एकसारखी येणार नाहीत.

आणखी कोणत्या पिकांत ही पद्धत उपयोगी पडली आहे?
झेंडूत मोठ्या फुलाची आफ्रिकन जात २४ गुणसूत्रांची आणि बुटकी फ्रेंच जात ४८ गुणसूत्रांची असते. दोघांच्या संकरातून येणारा झेंडू त्रिगुणित निघतो. त्याला बी धरत नसल्याने फुले जास्त काळ येत राहतात. गहू आणि राय यांच्या संकरातून आलेले ट्रिटिकेल हे धान्यही गुणसूत्रे दुप्पट करूनच पेरण्याजोगे झाले.

घरी वाण तयार करायचाच असेल तर

हौस असणे चांगलंच आहे, पण त्यासाठी विष लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या. त्यांचे बी वेगळे ठेवले, वेगळे लावले, वर्षामागून वर्षे निवड केली आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदळाचा वाण उभा राहिला. पुढे तो कितीतरी शेतकऱ्यांनी पेरला. २०१८ मध्ये दादाजी गेले, पण त्यांचा तांदूळ आजही बाजारात आहे. त्यांच्याकडे होती ती तीक्ष्ण नजर, चिकाटी आणि थोडीशी जमीन. नाव मोठे झाले तरी कष्टाच्या मानाने पैसा त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणूनच पुढची माहिती कामाची आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. शेतात एखादं झाड वेगळं, चांगलं दिसलं तर त्याला खूण करा, बी वेगळे राखा, दरवर्षीची नोंद वहीत ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. गुणसूत्रे मोजायची गरज पडलीच, तर ते काम विद्यापीठातले शास्त्रज्ञ करतील. आपलं काम म्हणजे वेगळं झाड ओळखणं आणि ते वाया जाऊ न देणं.